नवराबायकोची हाणामारी बसवताय? आधी मंगळसूत्र

संहिता, पाठांतर, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाचं) प्रमाणपत्र हे सगळं तुम्ही कराल. मंगळसूत्र विसराल. आम्ही विसरलो.

नवं जोडपं भांडत भांडत चादरीची घडी घालतं, असा विनोदी प्रसंग होता. दर घडीला दोघं एक पाऊल जवळ, शेवटच्या घडीला नाकाला नाक, आणि आता रागाचं करायचं काय? तालमीत तिच्या गळ्यात काहीच नसायचं. प्रयोगात होतं. चादरीत अडकलं, तुटलं, काळे मणी रंगमंचभर. नवरा त्यावरून सपशेल आडवा झाला, ते संहितेत नव्हतं. आणि हशा बंद. खोटं खोटं पडलेल्याला लोक हसतात, खरं लागलं की श्वास रोखतात. त्यात मंगळसूत्र तुटलेलं! पुढे माकडउड्या मारल्या तरी कोणी हसलं नाही.

म्हणून पहिल्या तालमीपासून मंगळसूत्र घालूनच. प्रत्येक मण्यामागे गाठ, म्हणजे विखुरणार नाहीत. मानेमागे ओढताक्षणी सुटणारं प्रेस बटण. मजबूत दोरा घ्या म्हणणाऱ्याला सांगा, गळा तिचा आहे. हिरवा चुडा प्लास्टिकचाच, काचेची किणकिण विंगेतून. जोडवी नकोत, काठात अडकतात.

थप्पड मारताना हात गालाला लागतच नाही. आवाज थप्पड खाणाऱ्याने काढायचा, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी टाळी वाजवून. आधी नजरानजर, त्याची खूण आली की मगच हात उचलायचा. पडायचं ते मांडीच्या बाजूवर, गुडघ्यावर किंवा मनगटावर नाही. साडीखाली नी-कॅप. सगळं आधी निम्म्या वेगात, आकडे मोजत. नटाला खरोखर राग चढला की चौथ्या आकड्याची हालचाल तिसऱ्यावरच होते आणि तिथेच लागतं. रुसवा निघण्याची जागा मात्र मोजू नका, तिथे दोघांना रेंगाळू द्या. स्टीलची ताटं फेकू नका, पहिल्या रांगेत जातात.

रंगीत तालीम पूर्ण पेहरावात. मंगळसूत्रासकट. हो, पुन्हा सांगतोय.

प्रयोगाच्या दिवशी पडापडीचे प्रसंग एकदा निम्म्या वेगात. नटराजापुढे नारळ फोडलात की पाणी पुसा. विंगेत जादा मंगळसूत्र. दोन ठेवा. लाइट, म्युझिक, चहा ज्याचं त्याने बघावं. तिसऱ्या घंटेआधी तिला विचारा, बटण लागलंय का?