ट्रेचा मोल्ड कापायला टाकण्याआधी

ऑफिसात कागदपत्रं ठेवायला एकावर एक रचायचे प्लॅस्टिकचे ट्रे असतात, ते नव्यानं डिझाइन करायला बसलेल्यांसाठी ही यादी आहे. मोल्ड म्हणजे प्लॅस्टिक ओतायचा लोखंडी साचा. बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छेत, होनग्यात बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) आणि मशिनिंगच्या कामातून वेळ काढून प्लॅस्टिककडे वळणारे भेटतात, ते डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. व्हर्निअर, कॉम्प्युटर, कॅडचं सॉफ्टवेअर हे सगळं आहे असं धरतो.

सगळ्यात आधी फाइल मोजा. कागद नाही, फाइल. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, लीगल म्हणजे २१६ बाय ३५६. ही मापं फोनवर अर्ध्या मिनिटात मिळतात आणि तिथंच घात होतो. बाजूंनी चार-चार मिलिमीटर सोडले, झाला ट्रे तयार. मग त्यात बसतो फक्त सुटा कागद. नुसता सुटा कागद ट्रेत कोण ठेवतंय? बेळगावात काय, चिक्कोडीत काय, निपाणीत काय, टेबलावर असते ती नाडीनं बांधलेली पुठ्ठ्याची फाइल, कागदापेक्षा सगळीकडून मोठी. दहा इंच रुंद आणि साडेचौदा इंच लांब धरली तर २५४ बाय ३६८ झालं. ही फाइल २२४ मिलिमीटरच्या ट्रेत उतरतच नाही, दोन्ही भिंतींवर आडवी बसते. वरचा ट्रे तिच्यावर टेकतो, त्याचे पाय खाचेत जात नाहीत, आणि ज्या गुणावर माल विकायचा तोच गुण गेला. मागच्या वेळी मी अशीच एक यादी केली होती, तिच्यात हे कलम नव्हतं. या वेळी ते पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

मोजायची कुठं? स्टेशनरीच्या दुकानात नको. तिथली फाइल कोरी, सपाट, शहाणी असते. वकिलाकडं जा, सीएकडं जा, एखाद्या पतसंस्थेत जा, ओळख असेल तर साखर कारखान्याच्या शेतकी विभागात जा. मार्चअखेरीला गेलात तर उत्तम, तेव्हा फाइली सगळ्यात फुगलेल्या असतात. तिथली सगळ्यात घाणेरडी फाइल मागा: कडा दुमडलेली, पोटात उताऱ्याच्या चार घड्या, एका बाजूला नाडीची गाठ. गाठीच्या बाजूला जाडी मोजा, उलट्या बाजूला मोजा, दोन्ही लिहून ठेवा. फरक बघून आश्चर्य वाटेल. लांबी मोजताना पुठ्ठा धरू नका, पुठ्ठ्याबाहेर आलेला कागद धरा. जमलं तर तशाच दोन-तीन फाइली रद्दीचे कागद भरून स्वतः तयार करा आणि मोल्ड पास होईपर्यंत टेबलावरून हलवू नका.

कोणीतरी सांगेल की सुप्रीम कोर्टानं २०२० साली ए४ स्वीकारला, आता लीगल कागद जाणारच, मोठा ट्रे कशाला? जाईल की. पण नव्या कागदाखाली जुनी फाइल असते, आणि ए४ कागदसुद्धा माणसं मोठ्या फाइलीतच लावतात, कारण ती कपाटात पडून असते. दुकानात ‘एफएस’ (फुलस्केप) म्हणून मिळतो तो साधारण साडेतेरा इंची कागद आणि चौदा इंची लीगल यांत गिऱ्हाईक फरक करत नाही, तुम्हीही करू नका. मोठ्याला धरून चला. बॉक्स फाइल मात्र सोडून द्या. तिचा कणा ७५ मिलिमीटरचा असतो आणि ती उभी ठेवायची वस्तू आहे. तिच्या नादी लागलात तर ट्रेचं खोकं होईल.

आता उंची. पाचशे कागदांचं रिम साधारण ५० मिलिमीटर जाड. वापरलेला, टाचण्या मारलेला, पावसाळ्यात ओल धरलेला कागद त्याहून जाड, आणि खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर तो कोरडा होतच नाही म्हणा. त्याच्यावर हाताची जागा. फाइल ओढून काढायला बोटं वरून आत जावी लागतात, निदान २० मिलिमीटर मोकळे हवेत. पुढची कड मधोमध खाली उतरवा म्हणजे अंगठा जातो. तळाला लांबट खाचा द्या, हवा खेळते आणि प्लॅस्टिकही वाचतं. फक्त त्या खाचांची दिशा फाइल सरकवायच्या दिशेला समांतर ठेवा, नाहीतर पुठ्ठ्याचा कोपरा प्रत्येक खाचेत अडकतो. फाइल सरकवून बघा. कागद नव्हे.

मटेरियल. पीपी (पॉलिप्रॉपिलीन), एचआयपीएस (चिवट केलेलं पॉलिस्टायरीन), एबीएस असे प्लॅस्टिकचे तीन पर्याय लोक घेऊन येतात. पारदर्शक जीपीपीएस (साधं पॉलिस्टायरीन) दिसायला छान, पण पडला की कोपरा उडतो. ऑफिसच्या मालाला नको. एबीएस चांगलं पण महाग, शिवाय ओल शोषतं, ८० अंशांच्या आसपास दोन ते चार तास सुकवून घ्यावं लागतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात हे कलम जॉबवाला (आपला माल मशीनवर काढून देणारा) विसरला की मालावर चंदेरी रेघा. पीपी स्वस्त, चिवट, पण आकसतं फार आणि वाकतं. एचआयपीएस सरळ राहतं. रचायच्या वस्तूला सरळपणा आधी, म्हणून माझं मत एचआयपीएसला. पीपीच घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी ठरवा, मोल्ड कापल्यावर नाही. कारण आकसण, म्हणजे थंड होताना माल लहान होतो ते. एचआयपीएस आणि एबीएस शंभराला ०.४ ते ०.७ आकसतं, पीपी साधारण दीड, कधी त्याहून जास्त. ३७० मिलिमीटर लांबीवर हिशेब करा: एकीकडं जेमतेम दोन मिलिमीटर, दुसरीकडं साडेपाच. एचआयपीएसच्या मापानं कापलेल्या मोल्डमध्ये पीपी घातलं तर फाइलीला सोडलेली जागा तिथंच गेली. आपल्याकडच्या पॅटर्नवाल्यांना (ओतकामाचे नमुने करणाऱ्यांना) बिडासाठी शंभराला एक धरायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हात त्याच आकड्याकडं वळतो. तो आकडा इथं कुठंच लागू नाही, ना याला ना त्याला. ड्रॉइंगवर आकसण मोठ्या अक्षरात लिहा, आणि रिग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लॅस्टिक) किती टक्के चालेल तेही. मिसळ बदलली की आकसणही बदलते.

रचण्याची भूमिती, इथं घाई नको. मोल्डमधून ट्रे सुटायला भिंतींना उतार लागतो, दर बाजूला एक ते दोन अंश. ७० मिलिमीटर उंच भिंतीला दीड अंश दिला तर वरचं माप खालच्यापेक्षा दोन्ही बाजू मिळून साडेतीन मिलिमीटरपेक्षा जास्त मोठं होतं. म्हणजे वरच्या ट्रेचा तळ खालच्या ट्रेच्या तोंडात शिरू बघतो. टेकायला पायरी दिली नाही तर रिकामे ट्रे एकमेकांत घट्ट जाऊन बसतात आणि ओढताना टेबल हलतं. पायरी द्या, पायरीला दर बाजूला अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक द्या, पीपी असेल तर थोडी जास्त. आणि अशी गोष्ट काढू नका की पायाला हुक, हुकाला स्लाइडर (मोल्डचा बाजूला सरकणारा भाग), स्लाइडरला आणखी पैसे. सरळ उघडणारा मोल्ड पुरतो, खाच आणि पाय सरळ सुटतील असे ठेवा. बाहेरून खरबरीत टेक्श्चर हवं असेल तर उतार आणखी वाढवावा लागतो. टेक्श्चर जितकं खोल तितका उतार. मग वरचं आणि खालचं माप आणखी लांब जातं, आणि आतून कमी होते ती जागा तळाची. फाइल तळाला बसते. त्यामुळं आतलं माप नेहमी तळाशी धरा, तोंडाशी नाही. ड्रॉइंगवर तोंडाचं माप २६२ दिसतंय म्हणून खूश होऊ नका, तळाला २५८ आहे की नाही ते बघा, कारण फाइल २५४ ची आहे. पुठ्ठा. कागद नाही.

जाडी २ ते अडीच मिलिमीटर, सगळीकडं सारखी. रिबा (आधाराच्या उभ्या पट्ट्या) भिंतीच्या जाडीच्या निम्म्या, फार तर ६० टक्के, नाहीतर पलीकडून खड्डे दिसतात. आतल्या कोपऱ्यांना गोलाई. गेट (प्लॅस्टिक आत शिरायचं तोंड) तळाच्या मध्यावर, खालच्या अंगाला. लेबलची जागा पुढं कोरी ठेवा, अक्षरं कोरू नका. कानडी वर, मराठी खाली, की नुसते खातेक्रमांक, हे ज्याचं तो ठरवेल.

वजनाचा हिशेबही कागदावर करून ठेवा. लीगल मापाचे ८० जीएसएमचे पाचशे कागद म्हणजे तीन किलोवर थोडं. पाच ट्रेंची चळत असेल तर सगळ्यात खालच्यावर चार भरलेले ट्रे, कागदाचे बारा किलो, ट्रे आणि पुठ्ठ्यांचं वेगळं, वर क्लार्कचं कोपर. बाजूच्या भिंती हे पेलतात. पुढची बाजू उघडी असल्यामुळं तिथल्या दोन टोकांवर भार येतो. ती टोकं जाड करण्यापेक्षा काटकोनात वळवा.

मशीन कोणतं मिळणार हे मोल्डच्या आधी विचारा. ट्रे वरून बघितला तर क्षेत्रफळ जवळपास ३८० बाय २७०, हजारभर चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.४ टन धरले तर ३०० ते ४०० टनांचं मशीन लागतं; टन म्हणजे मोल्ड दाबून धरायची ताकद. ओळखीच्या माणसाकडं १५० टनी आहे म्हणून त्याला शब्द देऊन बसू नका. टाय बारमधलं (मशीनच्या दांड्यांमधलं) अंतरही मोजून घ्या. मशीन सीमेपलीकडं महाराष्ट्रात, गोकुळ शिरगावला किंवा कागलला मिळालं आणि मोल्ड इकडून तिकडं जॉबवर्कला पाठवायचा असेल तर डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल लागतंच. दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडं माल पाठवताना किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिलाची सूट नाही. मोल्ड परत आणायला मात्र कच्च्या मालासारखी वर्षाची मुदत नसते, तेवढा दिलासा.

आता मॉडेल. इथं पुन्हा तेच सांगतो, कारण चूक इथंच पकडता येते आणि इथं ती फुकटात पडते. साध्या थ्रीडी प्रिंटरचा बेड २२० बाय २२० चा असतो, त्यावर हा ट्रे मावत नाही. मग लोक निम्म्या मापाचं खेळणं काढतात, ते हातात धरून सगळे माना डोलावतात. निम्म्या मापाच्या ट्रेत फाइल कशी घालून बघणार? नका करू. प्रिंट काढायचीच तर खऱ्या मापाचा एक कोपरा काढा, पायरी आणि पाय जुळतात का बघायला. ट्रे मात्र सनबोर्डचा (फोमच्या हलक्या बोर्डाचा), पूर्ण मापाचा, कटरनं कापून फेव्हिकॉलनं चिकटवलेला. दोन करा. एकावर एक ठेवा. मघाशी टेबलावर ठेवलेली ती घाणेरडी फाइल आत घाला, बाहेर काढा, डाव्या हातानं काढा, गाठ डावीकडं ठेवून घाला, उजवीकडं ठेवून घाला. वरचा ट्रे उचलला गेला का? गेला असेल तर कॅड उघडा. फाइल न घालता कोणी सनबोर्ड पास केला तर त्याला सांगा, परत घाल.

मोल्डवाल्याला ड्रॉइंगबरोबर एक खरी फाइल द्या. हो, हातात द्या. तो हसेल, हसू दे. बेळगावात जीटीटीसी (सरकारी टूल रूम आणि प्रशिक्षण केंद्र) आहे, तिथं कोणी ओळखीचं असेल तर ड्रॉइंग एकदा दाखवून घ्या. पायरीची मापं अशी ठेवा की नंतर लोखंड काढून दुरुस्त करता येईल. वाढवायला वेल्डिंग लागतं आणि वेल्डिंगचा डाग मालावर उमटतो. आतली रुंदी मात्र यात येत नाही. ती कमी पडली तर कोअर (मोल्डचा आतला ठोकळा) बदलण्यावाचून इलाज नाही, म्हणून तर एवढं डोकं खातोय.

ट्रायल. पहिले शॉट (मोल्डमधून निघालेले पहिले नग) टाकून द्या, मशीन लयीत आल्यावरचे घ्या. गरम ट्रे मोजू नका, एक दिवस पडू द्या, मग मोजा; पीपी असेल तर दोन दिवस. तळ काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा. पाच भरून रचा, अथणीकडच्या एप्रिलमधल्या पत्र्याच्या गोदामात ठेवता आले तर बरं, नाहीतर आपल्याच शेडमध्ये आठवडाभर ठेवा आणि खालच्याची भिंत फुगली का ते पट्टी लावून बघा. भरून म्हणजे फाइलींनी भरून.

पॅकिंग: रचून पाठवले तर खोक्यात हवाच जास्त जाते, म्हणून खोक्याचं माप ट्रे हातात आल्यावरच ठरवा. मध्ये पातळ कागद, चरे पडतात. रंग दोनच, काळा आणि राखाडी. बारकोड, छापील पट्टी, भाव, हे दुकानदाराशी बोलून.