'गो'चं 'वेन्ट' होताना या चुका टाळा

कोल्हापुरात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. दरवर्षी जूनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आय डिड नॉट वेन्ट.' पोरगं आळशी नसतं, ते मराठीतून विचार करत असतं. 'मी गेलो नाही' यात भूतकाळ 'गेलो'मध्येच आहे, 'नाही' नुसतं मागून येतं. इंग्रजीत मात्र भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतं. मग क्रियापद मूळ रूपातच ठेवायचं: 'आय डिड नॉट गो.' प्रश्नातही तेच, 'व्हेअर डिड यू गो?'

'पण सर, गोचं वेन्ट झालंच कसं?' हा प्रश्न मला फार आवडतो. खरं तर झालंच नाही. 'वेन्ट' हा 'वेन्ड' या निराळ्या क्रियापदाचा भूतकाळ. वेन्ड म्हणजे वळणे, वाट धरणे. सेन्ड-सेन्ट, स्पेन्ड-स्पेन्ट, तसं वेन्ड-वेन्ट. जुन्या इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'एओडे' होता, तोही परक्याच मुळाचा. १५व्या शतकाच्या सुमारास 'वेन्ट'नं त्याला हटवलं. इंग्रजांची लहान मुलं आजही 'गोएड' म्हणून चुकतात.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 'जाणे' आलं संस्कृत 'या' धातूपासून आणि 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'पासून. हे फळ्यावर मांडलं की मुलांचे चेहरे उजळतात आणि 'वेन्ट' पाठ करावं लागत नाही.

आता खास आपल्या बोलीची चूक. 'काल रंकाळ्याला गेल्तो' याचं मुलं 'यस्टरडे आय हॅड गॉन' करतात. कालची साधी गोष्ट सांगायला 'आय वेन्ट' पुरतं. 'हॅड गॉन' तेव्हाच, जेव्हा पुढे आणखी एक भूतकाळातली घटना येते: मित्र घरी आला, त्याआधीच मी गेल्तो.

मुलाखतीत 'आय हॅव गॉन टू पुणे ट्वाइस' म्हणू नका. 'ही हॅज गॉन टू पन्हाळा' म्हणजे माणूस अजून गडावरच आहे. जाऊन परत आलात, तर 'हॅव बीन टू'.

आणि निघताना 'जातो' नव्हे, 'येतो' म्हणायचं, हे आईनं शिकवलेलं घरात जपा. पण निरोप घेताना 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणालात तर समोरच्याला वाटेल, तुम्ही त्याच्याकडेच येताय. तिथे 'आय अ‍ॅम गोइंग' म्हणा. त्यांच्या भाषेत त्यात काही अशुभ नाही.