गाडी गेटवर उभी असते तेव्हाची सही

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर निफाडहून मी थेट नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लागले, क्वालिटीला ट्रेनी म्हणून. सिडकोत तिघींत एक खोली आणि सकाळी सातची शिफ्ट. नोकरी लागल्याच्या आनंदात पहिले दोन महिने मी आजूबाजूला नीट बघितलंच नाही. नव्याने लागणाऱ्यांनी बघावं म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे गाड्यांचे बुश, म्हणजे आरपार भोक असलेले नळीसारखे भाग, बनायचे. आतलं भोक प्लग गेजने तपासायचं, म्हणजे 'गो' आणि 'नो-गो' अशा दोन बाजू असलेल्या मापाच्या दांडीने. गोची बाजू आत गेली पाहिजे, नो-गोची अडकली पाहिजे. एका दुपारी चाळीस नगांपैकी सहा नगांत नो-गो सरळ आत गेला. म्हणजे भोक मोठं झालंय, लॉट थांबवायचा. मी तसं सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, गाडी गेटवर उभी आहे. तुम्ही सही करा, बाकी मी बघतो."

मी तपासणीच्या रिपोर्टवर सही केली. अकरा दिवसांनी अख्खा लॉट परत आला आणि सकाळच्या मीटिंगमध्ये वीस-पंचवीस माणसांसमोर तो रिपोर्ट माझ्या तोंडापुढे नाचवला गेला. त्यावर नाव माझं होतं. 'बाकी मी बघतो' हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सुपरवायझर खाली मान घालून उभे होते.

सही करणं ही माझी चूक होतीच. पण आपण मुळातच नालायक आहोत असं मला पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं, ते खरं नव्हतं. माझ्या टेबलावर वर्षभरात आधी तिघं येऊन गेले होते. हे मला गेटबाहेरच्या चहावाल्या काकांनी सांगितलं. एकाच खुर्चीवरून माणसं सारखी का जातात, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

आमची द्राक्षबाग आहे. व्यापारी कितीही गोड बोलला तरी पप्पा प्रत्येक क्रेटचं वजन स्वतःच्या वहीत उतरवतात. बागवाल्यांचे पैसे बुडवून पळालेले व्यापारी आमच्या भागाने पाहिलेत. मीटिंगचं ऐकल्यावर पप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "तुझी वही कुठंय?"

मग मीही वही केली. तारीख, लॉट नंबर, किती नग तपासले, किती नापास, कुणाला सांगितलं, ते काय म्हणाले. त्याच दिवशी, घरी गेल्यावर लिहायचं. ड्रॉइंगचे किंवा रिपोर्टचे फोटो मात्र काढू नका, ते तुमच्याच अंगाशी येतं. आणि सही करावीच लागली तर रिपोर्टवर खरा आकडा लिहून करा. मी पुढच्या वेळी 'चार नगांत नो-गो आत जातो, लॉट थांबवावा' असं लिहून सही केली. सुपरवायझरनी तो कागद फाडला आणि दुसऱ्या मुलाची सही घेतली. त्या मुलाचं मला आजही वाईट वाटतं.

पैशांचंही तसंच. पगारातून पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, घ्या आणि पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा. माझ्या स्लिपवर चार महिने कपात होती, पासबुकात भरणा शून्य. कारखान्यातल्या जादा तासांना कायद्याने दुप्पट दर आहे, 'नंतर सुट्टी देऊ' म्हणजे पैसे दिले असं होत नाही. मूळ मार्कशीट दाखवायची, ठेवायला द्यायची नाही. माझी सोडवायला मला पाच चकरा माराव्या लागल्या. मुलींसाठी एक: दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, 2013 चा कायदा आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, म्हणून समितीत कोण आहे हे आधीच विचारून ठेवा.

सोडताना राजीनामा तोंडी देऊ नका. ईमेल करा, स्वतःला प्रत ठेवा आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, मागा. खोलीभाडं अंगावर असताना दुसरी नोकरी मिळेपर्यंत थांबणं मला शहाणपणाचं वाटतं. पण शिफ्टला निघताना रोज पोटात गोळा येऊ लागला की घरच्यांशी बोला, लपवू नका. मी सहा महिने लपवलं.

सातपूरच्या कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, "रिजेक्ट माल कुठे ठेवता?" साहेब उठले आणि मला शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथे, घेऊन गेले. लाल रंगवलेला जाळीचा पिंजरा, त्याला कुलूप, आणि किल्ली क्वालिटीच्या मुलीकडे. आधीच्या ठिकाणी तो माल टेबलाखाली पोत्याने झाकलेला असायचा.