डूम्सडे बुकातील गावाची नोंद कशी वाचावी

नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले म्हणजे नेमके काय घडले, हे समजून घ्यायचे असेल तर १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जजवळ झालेल्या लढाईचे वर्णन पुरेसे पडत नाही. लढाई एका दिवसात संपली. जमिनी एका हातातून दुसऱ्या हातात जायला मात्र पुढची वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांचा हिशेब गावोगावच्या तपशिलासह एकाच ठिकाणी लिहिलेला आहे, तो डूम्सडे बुकात. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे राजा पहिला विल्यम याने आपल्या सरदारांशी मसलत करून या पाहणीचा हुकूम दिला. डेन्मार्कचा राजा क्नूट स्वारी करणार अशी धास्ती होती, त्यासाठी आणलेली भाडोत्री फौज पोसायची होती, आणि कोणाकडे किती जमीन आहे व तिच्यातून किती वसूल निघू शकतो हे राजाला ठाऊक हवे होते. पुढच्याच वर्षी राजाचे अधिकारी परगण्यापरगण्यात फिरले आणि तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची नोंद झाली. मूळ हस्तलिखित आज लंडनमधील क्यू येथे नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये जपलेले आहे.

एका गावाची नोंद बहुधा चार-पाच ओळींचीच असते, परंतु ती इतकी आखडून लिहिलेली असते की पहिल्या वाचनात तिच्यातून काहीच हाती लागत नाही. म्हणून येथे एकच नोंद घेऊन ती शब्दाशब्दाने कशी उलगडावी हे दाखवले आहे. ती नोंद आहे बर्मिंगहॅमची.

आधी ती मिळवावी कशी, ते पाहू. ‘ओपन डूम्सडे’ या संकेतस्थळावर आजचे गावाचे नाव टाकले की मूळ पानाचे छायाचित्र विनामूल्य पाहता येते. नाव टाकण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लंडन आणि विंचेस्टर या शहरांची नोंद या ग्रंथात नाही, आणि उत्तरेकडील डरहॅम व नॉर्थंबरलंड हे प्रदेशही त्यात आलेले नाहीत. तेव्हा तेथील गाव सापडले नाही तर शोधणाऱ्याची चूक नव्हे. दुसरे असे की एसेक्स, नॉरफोक आणि सफोक यांच्या नोंदी ‘लिटल डूम्सडे’ नावाच्या वेगळ्या खंडात आहेत. नाव ‘लिटल’ असले तरी तपशील त्यातच जास्त आहे, कारण त्याचे संक्षिप्तीकरण झालेच नाही. तेथे शेळ्या, मेंढ्या, डुकरे आणि मधमाश्यांची पोळीसुद्धा मोजलेली आढळतात.

पान उघडल्यावर लगेच गावाच्या नावाकडे धावू नये. आधी पानाच्या माथ्याकडे पाहावे. तेथे परगण्याचे नाव तांबड्या शाईत असते. प्रत्येक परगण्याच्या आरंभी जमीनधारकांची क्रमांक घातलेली यादी असते, आणि त्या यादीचा क्रम हाच नव्या राज्यव्यवस्थेचा नकाशा आहे: प्रथम राजा, मग बिशप आणि मठ, त्यानंतर मोठे सरदार आणि सर्वांत शेवटी राजाचे किरकोळ चाकर. म्हणजे हा ग्रंथ भूगोलाच्या क्रमाने लावलेला नाही. शेजारची दोन गावे वेगवेगळ्या धन्यांकडे असतील तर ती अनेक पाने दूर सापडतात. ठिकाणांच्या नावांवरून तांबडी रेघ ओढलेली दिसते. ती खोडलेली नसून नजरेत भरावीत म्हणून ठळक केलेली आहेत. नवख्या वाचकाची येथे हमखास फसगत होते.

आता नोंद पाहू. बर्मिंगहॅम वॉरिकशर परगण्यात, विल्यम फिट्झ अॅन्सकल्फ या सरदाराच्या नावाखाली येते. लॅटिन मजकुराचा मराठी आशय असा: “विल्यमकडून रिचर्ड बर्मिंगहॅममध्ये ४ हाइड जमीन धारण करतो. जमीन ६ नांगरांची आहे. धन्याच्या घरच्या शेतीत १ नांगर; ५ व्हिलानी आणि ४ बॉर्डारी यांच्याकडे २ नांगर. रान अर्धा लीग लांब आणि २ फर्लांग रुंद. किंमत २० शिलिंग होती आणि आहे. राजा एडवर्डच्या काळी वुल्फविन ही जमीन मुक्तपणे धारण करीत होता.”

‘विल्यमकडून रिचर्ड’ या दोन शब्दांत नॉर्मन विजयाचा गाभा आहे, म्हणून येथे थांबावे. हा विल्यम म्हणजे राजा नव्हे. राजाने जमीन दिली विल्यम फिट्झ अॅन्सकल्फला, त्याने त्यातील बर्मिंगहॅम दिले रिचर्डला, आणि रिचर्डच्या हाताखाली नऊ कुटुंबे राबत होती. या विल्यमचा मुख्य किल्ला डडली येथे होता. त्याचे घराणे नॉर्मंडीबाहेरच्या, उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतातील पिकिन्यी गावचे, म्हणजे तो काटेकोर अर्थाने नॉर्मनही नव्हता. विजेत्या फौजेत ब्रिटनी, फ्लँडर्स आणि पिकार्डीची माणसे मोठ्या संख्येने होती, हे अशा नावांवरून पडताळता येते. क्रिकेटमुळे आपल्या परिचयाचे झालेले एजबॅस्टन आणि शेजारचे अॅस्टन ही दोन्ही गावेही याच विल्यमच्या यादीत आहेत. एका सरदाराखालची सगळी गावे अशी सलग वाचली की त्याच्या सत्तेचा पसारा एका दृष्टिक्षेपात कळतो.

‘हाइड’ या शब्दाशी जपून वागावे. ढोबळ मानाने एक हाइड म्हणजे १२० एकर असे सांगतात, परंतु डूम्सडेमध्ये ते मुख्यतः कर आकारण्याचे एकक आहे, जमीन मोजण्याचे नव्हे. म्हणून ४ हाइडचे ४८० एकर करून क्षेत्रफळ काढू नये. डेन लोकांची वस्ती जेथे होती त्या पूर्वेकडील व उत्तरेकडील परगण्यांत याच जागी ‘कॅरुकेट’ येते, तर केंटमध्ये ‘सुलुंग’. या एककाचा खरा उपयोग कराचा बोजा काढण्यासाठी होतो. एरवी गेल्ड नावाचा कर हाइडमागे २ शिलिंग असे; १०८४ मध्ये तो ६ शिलिंग घेतला गेला. त्या दराने, कोणतीही सूट धरली नाही तर, बर्मिंगहॅमवर २४ शिलिंगांची आकारणी येते, आणि गावापासून धन्याला वर्षाकाठी मिळणारे उत्पन्न तर २० शिलिंग होते. हा एक गुणाकार केला की पाहणीचे अधिकारी गावात येत तेव्हा लोकांच्या मनाची अवस्था काय होत असेल, ते समजते. त्या काळचा एक इंग्रज इतिवृत्तकार तळमळून लिहितो की एक बैल, एक गाय, एक डुक्करही नोंदीतून सुटले नाही, आणि हे सांगायलाही लाज वाटते, पण राजाला ते करताना लाज वाटली नाही. त्याचा संताप अशा आकड्यांतून आलेला आहे.

नांगरांची ओळ नेहमी दोन भागांत वाचावी. ‘जमीन ६ नांगरांची’ याचा अर्थ बहुतेक अभ्यासक असा घेतात की तितक्या नांगरांचे काम तेथे निघू शकते. प्रत्यक्षात मात्र १ आणि २ असे तीनच नांगर आहेत. डूम्सडेचा नांगर आठ बैलांचा धरला जातो. आपल्याकडे काळ्या रानात सहा-आठ बैल जुंपून चालवल्या जाणाऱ्या लाकडी नांगराविषयी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, त्यांना हे चित्र चटकन डोळ्यांपुढे येईल. तेव्हा गावात औताचे बैल सुमारे चोवीस, आणि गरज अठ्ठेचाळीसांची. निम्मी ताकद नाही. ती कधीच नव्हती की वीस वर्षांत गेली, हे नोंद सांगत नाही, आणि वाचकानेही ते आपल्या मनाने भरू नये.

माणसांची संख्या मोजताना आणखी एक दक्षता लागते. पाच व्हिलानी आणि चार बॉर्डारी म्हणजे नऊ माणसे नव्हेत, तर नऊ कुटुंबप्रमुख आहेत. चार ते पाचने गुणावे, म्हणजे वस्ती चाळीसच्या आसपास निघते. व्हिलानी हे जमिनीचा बरासा वाटा असलेले, परंतु धन्याच्या शेतावर राबण्यास बांधलेले शेतकरी. बॉर्डारी त्यांच्याहून लहान तुकड्यांवर जगणारे. काही गावांत ‘सर्वी’ हा शब्द आढळेल. ते गुलाम होत, आणि संपूर्ण ग्रंथात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दहा टक्के तेच आहेत. स्त्रियांची नावे फार थोड्या ठिकाणी येतात, आणि मुलांचा तर पत्ताच नसतो.

रान, कुरण, पाणचक्की, मासेमारी यांच्या ओळी वेगाने वाचल्या तरी चालतात. अर्धा लीग म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर आणि दोन फर्लांग म्हणजे चारशे मीटर, इतके लक्षात ठेवावे. बर्मिंगहॅमच्या नोंदीत चक्की नाही आणि चर्चही नाही. मात्र चर्चचा उल्लेख नाही म्हणून तेथे चर्च नव्हतेच असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण पाहणीचा रोख उत्पन्नावर होता.

किमतीच्या ओळीकडे पुन्हा सावकाश यावे. एक पौंड म्हणजे २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेनी. प्रत्यक्ष नाणे चांदीच्या पेनीचेच होते. पौंड आणि शिलिंग हिशेबापुरते. बर्मिंगहॅमची किंमत होती तितकीच राहिली. अॅस्टनची ४ पौंडांवरून १०० शिलिंगांवर, म्हणजे ५ पौंडांवर गेली. पौंड आणि शिलिंग मिसळून लिहिलेले असल्यामुळे ही वाढ घाईत निसटते, म्हणून तुलना करण्यापूर्वी दोन्ही आकडे शिलिंगांत आणावेत. यॉर्कशरमधील पाने उघडली तर मात्र किमतीच्या जागी ‘वास्ता एस्ट’, म्हणजे ‘ओसाड आहे’, हे दोन शब्द गावामागून गाव येत राहतात. १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने उत्तरेतील बंड मोडताना पिके, गुरे आणि घरे जाळली होती. ‘ओसाड’ या नोंदीमागे प्रत्येक वेळी तेच कारण असेल असे नाही, तरी त्या पानांची दाटी पाहताना मन सुन्न झाल्याशिवाय राहत नाही.

शहरांच्या नोंदी परगण्याच्या अगदी आरंभी येतात, त्याही पाहून घ्याव्यात. लिंकनमध्ये किल्ला बांधण्यासाठी १६६ घरे पाडली गेल्याचे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. आज त्या किल्ल्याच्या तटावरून फिरणाऱ्याने हा आकडा जवळ ठेवावा.

शेवटची ओळ वाचायची ती तारखेसाठी. ‘राजा एडवर्डच्या काळी’ हे शब्द मूळ पानावर बहुधा ‘टी. आर. ई.’ अशा तीन अक्षरांत येतात, आणि त्यांचा अर्थ ५ जानेवारी १०६६, म्हणजे एडवर्डच्या मृत्यूचा दिवस, असा घेतात. त्यानंतर नऊ महिने, हेस्टिंग्जच्या लढाईत मारला जाईपर्यंत, हॅरॉल्ड इंग्लंडचा अभिषिक्त राजा होता, पण या ग्रंथाच्या कालगणनेत त्याच्या राज्याला जागाच नाही. तो जेथे येतो तेथे जवळजवळ सर्वत्र ‘अर्ल हॅरॉल्ड’ म्हणून येतो. विल्यम हा एडवर्डचा थेट वारस आणि मधला राजा लबाड, हा दावा अशा रीतीने प्रत्येक गावाच्या नोंदीत कोणतेही भाष्य न करता मुरवलेला आहे. माझ्या मते डूम्सडे वाचताना शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

याच ओळीतील दोन नावे शेजारी ठेवावीत: १०६६ मध्ये वुल्फविन, १०८६ मध्ये रिचर्ड. परगण्यातील प्रत्येक गावासाठी असा तक्ता करावा. डाव्या रकान्यात एडविन, गॉडरिक, लिओफ्रिक अशी इंग्रजी नावे भरतील आणि उजव्या रकान्यात विल्यम, रॉबर्ट, राल्फ, ह्यू. वॉरिकशरमध्येच एक मोठा अपवाद भेटतो तो थॉर्केल ऑफ आर्डनचा. राजाकडून थेट जमीन धारण करणारे मोठे इंग्रज जमीनदार संपूर्ण ग्रंथात त्याच्याखेरीज लिंकनचा कोल्स्वाइन, असे दोघेच उरले होते. पुढे इंग्रज शेतकऱ्यांनीही आपल्या मुलांना विल्यम आणि रॉबर्ट ही नावे ठेवली, आणि आज तीच अस्सल इंग्रजी नावे वाटतात.

या नोंदींचे परिणाम पानांपुरते राहिले नाहीत. बाराव्या शतकात खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवले की लोक या ग्रंथाला अखेरच्या न्यायाच्या दिवसाचे नाव देतात, कारण त्याच्या निकालावर अपील नाही. १३७७ मध्ये दक्षिण इंग्लंडमधील कित्येक गावांच्या शेतकऱ्यांनी आपापल्या गावाच्या डूम्सडे नोंदीच्या अधिकृत नकला पैसे मोजून मिळवल्या, आणि आपले गाव पूर्वी राजाच्या खास मालकीचे होते तेव्हा जादा वेठ आम्हाला लागू नाही, असा दावा मांडला. जिंकणाऱ्याने वसुलीसाठी लिहवलेला कागद तीनशे वर्षांनी कष्टकऱ्यांनी आपल्या बाजूने उभा केला, ही घटना मला फार मोलाची वाटते.

सर्व जमीन अखेर राजाची आणि बाकीचे सारे ती त्याच्याकडून धारण करणारे, ही विल्यमने रुजवलेली कल्पना इंग्लंडच्या जमीनविषयक कायद्यात अजून टिकून आहे. मुंबईतील घरांच्या जाहिरातींत दिसणारा ‘फ्रीहोल्ड’ हा शब्द त्याच कायद्यातून इकडे आला. वारस नसलेली मालमत्ता सरकारजमा होण्यासंबंधी भारतीय राज्यघटनेच्या २९६ व्या अनुच्छेदात ‘एस्चीट’ हा जो शब्द आहे, तोही मुळात सरंजामी धारणेतला, म्हणजे धारक निर्वंश झाल्यावर जमीन धन्याकडे परत जाण्याचा.

बर्मिंगहॅमची नोंद जमली की पुढची निवड करताना मुद्दाम तीन वेगळ्या प्रकारची ठिकाणे घ्यावीत: यॉर्कशरमधील एक ओसाड गाव, नॉरफोकमधील एक भरगच्च नोंद आणि मठाच्या मालकीचे एखादे गाव, जेथे १०६६ आणि १०८६ चा धारक एकच असतो. प्रत्येक वेळी १०६६ च्या धारकाचे नाव परगण्याच्या नामसूचीत पुन्हा शोधावे. कधी तोच माणूस आपल्याच जुन्या जमिनीवर नव्या धन्याच्या हाताखाली राहिलेला सापडतो. एकच इंग्रजी नाव अनेकांचे असे, तेव्हा नाव जुळले म्हणून माणूस तोच असे धरू नये; शेजारची गावे आणि वरचा धनीही जुळतो का ते पाहावे. बर्मिंगहॅमच्या नोंदीत वुल्फविन फक्त शेवटच्या ओळीत आहे, भूतकाळी क्रियापदासह.