मृगाआधी स्लरी सोडताय? खुराकातली गोडी आधी तपासा

रोहिणी लागली की कराड, वाळवा, पलूस भागात उकिरडे उपसायची आणि गोठ्याचे स्लरीखड्डे, म्हणजे शेणमुताच्या पातळ काल्याचे खड्डे, मोकळे करायची घाई सुरू होते. या वर्षी खड्ड्याला हात लावण्याआधी खुराकाच्या पोत्यावरचं लेबल वाचा. 'स्वीटनर', 'सॅकरीन सोडियम' असं काही लिहिलंय का? चवीसाठी वेगळी पावडर मिसळत असाल तर तिचीही पुडी बघा.

दूध तोडलेलं वासरू कोरड्या खुराकाला तोंड लावत नाही, किंवा औषधाचा कडवटपणा लपवायचा असतो, म्हणून ही गोडी घालतात. सॅकरीन ही कृत्रिम गोडी साखरेच्या तीनशे ते पाचशे पट गोड, त्यामुळे चिमूटभर पुरते. त्यानं जनावर दगावेल असं मी म्हणत नाही. मला काळजी आहे ती विहिरीच्या पाण्याची. सॅकरीन अंगी लागत नाही, बहुतेक सगळं जसंच्या तसं बाहेर पडतं. स्वित्झर्लंडमधल्या २०११ च्या अभ्यासात सॅकरीन खाणाऱ्या डुकराच्या पिल्लांच्या स्लरीत ते लिटरमागे १२ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. दोन महिने साठवूनही ते टिकून राहिलं. तिथल्या भूजलात सापडलेलं सॅकरीन बहुधा शेतात टाकलेल्या स्लरीतूनच उतरलं, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष होता.

म्हणजे खड्ड्यात मुरवून भागत नाही. सॅकरीन मोडायचं काम जिवंत माती करते. त्याच अभ्यासात मातीत मिसळलेलं सॅकरीन ३ ते १२ दिवसांत निम्म्यावर आलं. सुक्रालोज या दुसऱ्या कृत्रिम गोडीला मात्र ८ ते १२४ दिवस लागले, म्हणून ते खुराकात नकोच.

आपल्याकडे अडचण अशी की मे महिन्यात रान तापून कोरडं पडलेलं असतं आणि कोरड्या मातीत जिवाणू काम करत नाहीत. पाण्याची सोय असेल तर रोहिणीची वाट न बघता मृगाच्या तीन आठवडे आधी रान हलकं भिजवा, स्लरी पातळ पसरा आणि त्याच दिवशी कुळवाची पाळी द्या. पाणी नसेल तर वळवानं ओल झाल्यावर हेच करा. पावसाचं आभाळ भरून आलेलं असताना स्लरी सोडू नका. पाटण, जावळीच्या उताराच्या रानात तर ती थेट ओढ्यालाच जाईल. विहीर, बोअर आणि ओढ्याच्या कडेचा पट्टा सोडून द्या. कृष्णाकाठच्या क्षारपड, पाणी साचणाऱ्या रानात मातीला हवाच मिळत नाही, तिथे स्लरी टाकूच नका.

गोडी हवीच असेल तर गूळ आपल्या दारात पिकतो. शंभर किलो खुराकात पाच किलो गूळ कालवा, वासरू आवडीनं खातं आणि तो त्याच्या अंगीही लागतो. वासरू जन्मल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून मूठ-मूठ खुराक पुढे ठेवत जा. सलग तीन दिवस रोज किलोभर खाऊ लागलं की मग दूध तोडा. एवढं सांभाळलंत तर पावडरीची गरज सहसा पडत नाही.