सोलं करायची, तर रातांबे वळवाआधी उतरवा

रातांबे म्हणजे कोकमाची फळं. ती सगळी एकदम पिकत नाहीत, म्हणून आणखी थोडं थांबावंसं वाटतं. थांबू नका. मेमध्ये वळवाचा पाऊस झाला की पिकलेली फळं गळून कुजतात, आणि सोलं, म्हणजे आमसुलं, वाळवायला ऊनही उरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी गर्द लाल रातांबे उतरवा. फुटलेले, पाखरांनी टोचलेले आधीच बाजूला काढा. नवी लागवड करणार असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ जातीचा जरूर विचार करा, तिची फळं पावसाआधी हाती येतात.

घरच्या सोलांना बुरशी येते ती घाईने. एकाच उन्हात वाळवून डब्यात भरलेली साल वरून कोरडी, आतून ओली असते. फळं धुऊन, पुसून अर्धी करा. बियांभोवतीचा गर कुस्करून रस काढा आणि लिटरभर रसाला साधारण 100 ग्रॅम मीठ घाला. साली रात्रभर या रसात ठेवा, सकाळी निथळून उन्हात पसरा, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी पाच-सहा पुटं द्या. मीठ, आंबटपणा आणि कोरडेपणा तिन्ही मिळून सोल टिकवतात, म्हणून मिठात काटकसर नको. शेवटचं पूट दिल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. तयार सोल दुमडलं तर मऊ लागतं, पण बोट ओलं होत नाही.

मध्येच आभाळ भरून आलं तर ओल्या साली पोत्यात कोंबू नका, घरात पंख्याखाली पातळ पसरा. त्या दिवशी उतरवलेल्या ताज्या मालाचं सरळ आगळ, म्हणजे मिठात सुटलेला कोकमाचा रस, करा, त्याला ऊन लागत नाही. किलोभर सालीला 150 ते 200 ग्रॅम मीठ, चिनी मातीची बरणी, रोज कोरड्या लाकडी डावाने ढवळणं, आठवड्याने गाळणं. तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियमची भांडी या कामाला अजिबात वापरू नका. आंबट रस धातू खातो आणि तो पोटात जातो.

साठवलेल्या सोलांवर पांढरं दिसलं तर चोळून पाहा. खरखरीत आणि पाण्यात विरघळणारं असेल तर ते मीठ. कापसासारखं, हिरवं-काळं किंवा कुबट वासाचं असेल तर बुरशी. ती धुऊन, पुन्हा वाळवून वापरू नका, विकू तर नकाच.

बिया मात्र ठेवा. धुऊन खडखडीत वाळवल्या की पावसाळ्यात सवडीने मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजणारं तेल, काढता येतं.