टेबल टेनिसच्या बॉलची मायक्रोट्यूब्यूल आणि तिचं टोक छाटणारं एन्झाइम

ठाण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी बायोलॉजीची लॅब असिस्टंट आहे. आमच्या प्रदर्शनात वर्षानुवर्षं थर्माकोलचं हृदय असायचं. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, तर पुठ्ठ्याचं हृदय आलं. शेवटी गेल्या वर्षी मीच म्हटलं, पुरे झालं हृदय, पेशीच्या आतली नळी, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, करू.

माप आधी ठरवा. एक नॅनोमीटर म्हणजे एक सेंटिमीटर, म्हणजे मूळ वस्तूच्या एक कोटी पट. ही नळी ज्या प्रोटीनची बनते त्या ट्यूब्युलिनचा एक रेणू नळीच्या लांबीच्या दिशेने सुमारे ४ नॅनोमीटर भरतो, आणि टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटरचाच असतो. हे जुळलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसले. ट्यूब्युलिन दोन प्रकारचं, जोडीने येणारं: नारिंगी बॉल अल्फा, पांढरा बीटा. दोन्ही पाच-पाच डझन आणा. लागतात ५२-५२, पण काही चेपतात. हार्डवेअरच्या दुकानातून १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप अर्धा मीटर कापून घ्या. बॉल चिकटवले की बाहेरून २४ सेंटिमीटर होतात. खरी नळी २५ नॅनोमीटरची. बघायला येणाऱ्यांना एवढं मात्र सांगा, की पाइप आपल्या सोयीचा आहे, खऱ्या नळीत आत पोकळी असते.

पाइपवाल्याने पाइपाबरोबर सॉल्व्हंटची डबी दिली होती. तेच लावलं, आणि सकाळी बॉल तळाशी विरघळून पाइपला लोळत होते. तुम्ही पाइपला पॉलिश पेपर मारा, ग्लू गनचा थेंब पाइपवर सोडा, पाच-सहा आकडे मोजा, मग बॉल टेकवा. सुई तापवून बॉलला भोक पाडायला जाऊ नका. जुने बॉल सेल्युलॉइडचे असतात, भपकन पेटतात.

आता मुख्य काम. पाइपावर उभ्या तेरा रेघा हव्यात. घेर ५०.३ सेंटिमीटर, म्हणून खुणा ३.९, ७.७, ११.६ अशा, प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजा. एकापुढे एक मोजत गेलात तर चूक साठत जाते आणि तेरावी रेघ पहिलीकडे सरकते. प्रत्येक रेघेवर खालून नारिंगी, पांढरा, नारिंगी, पांढरा असे आठ बॉल. वरचं टोक प्लस, म्हणजे नळी जिथे जास्त वेगाने वाढते ते, तिथे पांढरा येतो.

पहिल्या खेपेला मी सगळ्या रांगा एका पातळीवर सुरू केल्या. दिसायला सुरेख, बांगड्यांचा चुडाच जसा, पण साफ चूक. बाहेरून बघताना डावीकडची प्रत्येक रांग ०.९२ सेंटिमीटर वर सुरू व्हायला हवी. साध्या स्क्रूचे आटे उजवीकडे चढतात, हे डावीकडे. तेरा रांगा फिरून पुन्हा पहिलीशी याल तेव्हा १२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन बॉल वर आलेले असता. तीन ही विषम संख्या. त्यामुळे इतर सगळीकडे नारिंगीशेजारी नारिंगी येतो, आणि त्या एकाच फटीत नारिंगीशेजारी पांढरा. तिला शिवण म्हणतात. ती दिसली नाही तर तुमचं चुकलं आहे, उखडा.

शेपट्या, म्हणजे अल्फा ट्यूब्युलिनच्या साखळीची बाहेर लोंबणारी टोकं, मात्र मी जांभळी नाक्यावरून ४ मिलिमीटरचे मोती आणून ओवल्या. ताणलेल्या साखळीत एका अमिनो आम्लाला साधारण ०.३५ नॅनोमीटर लागतात, त्यामुळे एक मोती एक आम्ल. माणसाच्या एका अल्फा ट्यूब्युलिनचा शेवट असा: काळा, हिरवा, पांढरा, हिरवा, पांढरा, तीन हिरवे, पांढरा, दोन हिरवे, लाल. हिरवं ग्लुटामेट, पांढरं ग्लायसिन, काळं व्हॅलिन, शेवटचं लाल टायरोसिन. सगळ्या ५२ नारिंगींना शेपटी लावायचा हट्ट मी सोडला, दहा पुरतात. अकराव्या मोत्यापाशी गाठ मारा आणि लाल मणी मेणाच्या कणाने अडकवा. तो सुटायलाच हवा.

कारण आता एन्झाइम येतं. टायरोसिन सुटतं-जुळतं हे १९७०च्या दशकात अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे लक्षात आलं. कापणारं कोण, हे कळायला २०१७ उजाडलं: व्हॅसोहिबिन. हे प्रोटीन २००४पासून माहीत होतं, पण नव्या रक्तवाहिन्या रोखणारं म्हणून. कात्री घरातच होती, पण दुसऱ्याच डब्यात. २०१९मध्ये त्याची रचनाही हाती आली.

मी ते आधी शाडूचं केलं, तर वजनाने खाली आलं. कागदाचा लगदा घ्या, साडेचार-पाच सेंटिमीटरचा गोळा, ओला असतानाच पेन्सिलीने खाच पाडा. खाचेच्या आत तीन मोती: पिवळा १६९ क्रमांकाचं सिस्टीन, निळा २०४चं हिस्टिडिन, लाल २२१चं सेरिन. व्हॅसोहिबिन-१चे हे कापणारे हात. खाचेभोवती धन भार असतो, ग्लुटामेटच्या शेपटीवर ऋण. म्हणून शेपटी तिथे ओढली जाते. जोडीदार एसव्हीबीपी हे छोटं प्रोटीन, फक्त ६६ आम्लांचं, मुख्यतः एक लांब हेलिक्स, म्हणजे मळसूत्री वेटोळं. जुन्या वहीच्या स्पायरलचा चारेक सेंटिमीटरचा तुकडा गोळ्याच्या कुशीत खुपसा. त्याच्याशिवाय व्हॅसोहिबिन धड टिकतही नाही. गोळा दोन बॉलमधल्या फटीतून आलेल्या तारेवर धरा, चिकटवू नका.

उरलेले सात-आठ बॉल डब्यात ठेवा. ते सुटे डायमर, म्हणजे नळीत न जुळलेल्या अल्फा-बीटा जोड्या. व्हॅसोहिबिनला जुळलेली नळी जास्त मानवते. लाल मणी परत लावणारं टीटीएल नावाचं दुसरं एन्झाइम काम करतं ते या सुट्यांवर. पावसाळ्यात येऊरला जी कळलावी फुलते तिच्यातलं कोल्चिसिन याच सुट्यांना धरून नळी बनूच देत नाही, हेही मुलांना सांगते.

नेताना मॉडेल आडवं धरू नका, शेपट्या गुंततात. मी नौपाड्याहून रिक्षाने मांडीवर उभं नेलं, वर प्लास्टिकची बादली उलटी घालून. लाल मणी वेगळ्या डबीत, मोजून. प्रदर्शनाच्या दिवशी निम्मे टेबलाखाली सापडले.